स्वभावाचे मोजमाप आणि विकाराचे निदान

मानसिक आजार ठरविताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली वैद्यकीय मानके, आणि त्यांतही जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अद्ययावत आवृत्ती, प्रमाण मानावी, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या तिसऱ्या कलमाने सांगून ठेवले असल्यामुळे, १ जानेवारी २०२२ रोजी त्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जगात अमलात आली तेव्हा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापुढे आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेपुढेही एक मोठा प्रश्न येऊन उभा राहिला. व्यक्तिमत्त्व-विकारांचे जे अनेक प्रकार मागील आवृत्तीत नावनिशीवार नोंदलेले होते, म्हणजे संशयी, एकलकोंडा, समाजविरोधी, परावलंबी, अतिनियमनिष्ठ इत्यादी, ते सारे या आवृत्तीने जवळजवळ एका फटक्यात रद्द केले. आणि त्यांच्या जागी 'हा विकार आहे काय, असल्यास किती तीव्र, आणि त्यात कोणते स्वभावगुण प्रबळ' असा क्रम घालून दिला. मानसिक रोगांच्या वर्गीकरणात एवढा मूलगामी बदल गेल्या चाळीस वर्षांत दुसरा झालेला नाही असे मला वाटते, आणि म्हणूनच त्याचा उगम, त्याचे बळ आणि आपल्या मुलखात त्याची उपयुक्तता यांचा सविस्तर विचार होणे अगत्याचे आहे.

स्वभावाची वर्गवारी करण्याची हौस पुरातन आहे. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसने तीस स्वभावचित्रे लिहिली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सात्त्विक सात, राजस सहा आणि तामस तीन अशा सोळा प्रकृती वर्णिलेल्या आहेत. परंतु मराठी वाचकाला याहून जवळचा आणि माझ्या मते अधिक बोधप्रद दाखला मराठवाड्यातीलच आहे. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात एकीकडे मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणे एकामागून एक सांगून विशिष्ट जातीच्या माणसाचे चित्र उभे केले, तर त्याच दशकात रज, तम आणि सत्त्व या तीन गुणांचे असे विवेचन केले की, त्यांचे कमीअधिक मिश्रण प्रत्येक देहात असतेच. लक्षणे मोजून माणसाला एका वर्गात घालणे ही एक रीत, आणि सर्वांत असणाऱ्या गुणांचे प्रमाण पाहणे ही दुसरी. आधुनिक मनोविकारशास्त्रातील वाद नेमका या दोन रीतींमधला आहे, आणि समर्थांना त्या दोन्हींची गरज भासली होती.

युरोपात एकोणिसाव्या शतकात पिनेल आणि प्रिचर्ड यांनी बुद्धी शाबूत असूनही आचरण बिघडलेल्या माणसांची वर्णने केली. १९२३ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर याने दहा प्रकारच्या विकृत व्यक्तिमत्त्वांचे वर्णन करून, ज्यांच्या स्वभावामुळे ते स्वतः तरी दुःख भोगतात किंवा समाजाला तरी भोगावे लागते, अशी त्यांची व्याख्या केली. या वर्णनांना निकषांचे कठोर रूप मिळाले ते १९८० मध्ये, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. अकरा विकार, प्रत्येकाच्या निकषांची यादी, आणि अमुक इतके निकष भरले तर विकार आहे, न भरले तर नाही, असा तो शिरस्ता होता. निदानातील मनमानी त्याने कमी केली, हे ऋण मान्यच केले पाहिजे.

तथापि या शिरस्त्याचे दोष फार लवकर उघड झाले. 'बॉर्डरलाइन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे नऊ निकष आहेत आणि त्यांपैकी कोणतेही पाच पुरेसे आहेत. म्हणजे हे एकच निदान २५६ वेगवेगळ्या जुळण्यांनी करता येते, आणि हेच नाव मिळालेल्या दोन रुग्णांत केवळ एक लक्षण समान असू शकते. अतिनियमनिष्ठ व्यक्तिमत्त्वाच्या आठ निकषांपैकी चार लागतात. तेथे तर दोन रुग्णांत एकही लक्षण समान नसण्याची शक्यता राहते. एका रुग्णाला एक विकार लागू पडला की दुसरा आणि तिसराही पडतो, असा अनुभव सर्वत्र आला. आणि ज्यांच्या स्वभावामुळे संसार मोडकळीला आलेला आहे, पण जे कोणत्याच यादीत पुरते बसत नाहीत, अशांसाठी 'अनिर्दिष्ट' नावाचा रकाना ठेवावा लागला, तोच सर्वाधिक भरलेल्या रकान्यांपैकी एक ठरला. शिवाय ज्या विकारांना आजन्म चिकटणारे म्हटले गेले ते तसे नव्हतेच. अमेरिकेत १९९६ पासून दहा वर्षे चाललेल्या एका सहयोगी अभ्यासात बॉर्डरलाइन निदान झालेल्या बहुतेकांत काही वर्षांनी ते निकष उरले नाहीत, मात्र नोकरी, नातेसंबंध आणि दैनंदिन जबाबदाऱ्या यांत त्यांची घडी तितकीशी बसली नाही. तात्पर्य, यादीतील लक्षणे येत-जात होती. त्यांच्या मुळाशी असलेले स्वभावगुण आणि त्यांनी जगण्यात केलेली मोडतोड अधिक चिवट होती.

येथे उंबरठ्याचा प्रश्न येतो, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. खरिपाची पैसेवारी पन्नास पैशांखाली गेली की टंचाई, आणि वर राहिली की नाही, हा हिशेब तहसिलीच्या दप्तरात वर्षानुवर्षे चालत आला. परंतु एकोणपन्नास पैशांच्या गावातील आणि एक्कावन्न पैशांच्या गावातील शेतात फरक तो काय, हे बांधावर उभे राहिलेल्यालाच विचारावे. सवलत द्यायची तर कोठे तरी रेषा ओढावीच लागते हे खरे; पण रेषा ओढण्यापूर्वी पीक किती आले याची मोजदाद तरी पैसेवारीत होत होती. लक्षणांच्या यादीने मोजदाद टाकून केवळ रेषा ठेवली होती.

मोजदादीची परंपरा मात्र मानसशास्त्रात दुसऱ्या एका वाटेने वाढत होती. स्वभावातील जे भेद माणसांना महत्त्वाचे वाटतात ते भाषेत शब्दरूपाने साठतात, या गृहीतकावर फ्रान्सिस गाल्टनने १८८४ मध्ये शब्दकोश चाळून पाहण्याची कल्पना मांडली. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी वेब्स्टरच्या कोशातून सुमारे अठरा हजार शब्द वेचले. कॅटेलने त्यांतून सोळा घटक काढले, आयझेंकने दोन-तीनच पुरेत असे म्हटले, आणि पुढील पिढीत भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, अनुभवांविषयी मोकळेपणा, सौजन्य आणि कर्तव्यदक्षता या पाच घटकांवर बहुतेकांचे एकमत झाले. कोस्टा आणि मॅक्रे यांची २४० विधानांची प्रश्नावली १९९२ मध्ये आली. या प्रश्नावलीचे मराठी रूप पुणे विद्यापीठातील लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी तपासले आणि त्यांचा लेख २००२ मध्ये, निरनिराळ्या संस्कृतींतील अशाच अभ्यासांबरोबर, प्रसिद्ध झाला. पाच घटकांची मूळ रचना मराठी उत्तरांतूनही बहुतांशी निघाली. जगातील स्वभावमापनाच्या नकाशावर मराठीची नोंद या कामामुळे झाली, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावयास हवी तितकी ती नाही.

या कामाचा मी आदर करतो आणि म्हणूनच त्याची मर्यादाही सांगतो. परक्या भाषेतील शब्दसंग्रहावरून घडविलेली प्रश्नावली आपल्या भाषेत आणून तिचीच रचना पुन्हा सापडते काय हे पाहणे, आणि आपल्या भाषेतील शब्दसंग्रहापासून आरंभ करून कोणती रचना निघते हे पाहणे, ही भिन्न कामे आहेत. दुसरे काम हिंदीच्या बाबतीत सिंह, मिश्र आणि डी राड यांनी २०१३ मध्ये केले, आणि तेथे त्रिगुणांच्या कल्पनेशी नाते सांगणारे घटक पुढे आले. मराठीत अशा अभ्यासाला लागणारे साहित्य दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात सिद्ध आहे. आणि त्यात तापट, तिरसट, हेकट, खुनशी, घुमा, भिडस्त, लहरी, एककल्ली, माणूसघाणा अशा शब्दांची अशी समृद्धी आहे की, एखाद्या विद्यापीठीय विभागाने ती पुरती तपासल्यास मराठी माणूस स्वभावातील कोणते भेद महत्त्वाचे मानतो, हे आपल्याला प्रथमच आकड्यांनिशी कळेल.

प्रमाणाची ही कल्पना विकारांना लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीच्या वेळी झाला. समितीने तयार केलेल्या मसुद्यात दोन गोष्टी पाहावयाच्या होत्या: व्यक्तीची स्वतःविषयीची जाण व जीवनाची दिशा, तसेच इतरांविषयीची समज व जवळीक, यांत किती बिघाड आहे, आणि नकारात्मक भावप्रवणता, अलिप्तता, वैरभाव, असंयम व भ्रांतिप्रवणता या पाच क्षेत्रांतील पंचवीस गुणविशेषांपैकी कोणते विकृत प्रमाणात आहेत. यादीत तोवर दहा उरलेल्या जुन्या नावांपैकी सहा त्यात टिकवली होती. डिसेंबर २०१२ मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी जुनी यादीच कायम ठेवली आणि नव्या मसुद्याला २०१३ च्या ग्रंथात तिसऱ्या विभागात, पुढील अभ्यासासाठी म्हणून, जागा दिली. तरीही क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली या गुणविशेषांची २२० विधानांची प्रश्नावली झपाट्याने जगभर वापरात आली. तिचे पंचवीस विधानांचे लहान रूप आहे, आणि रुग्णाला जवळून ओळखणाऱ्याने भरावयाचे २१८ विधानांचे रूपही आहे. या शेवटच्या रूपाकडे मी पुढे वळणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने, पीटर टायरर यांच्या अध्यक्षतेखालील गटाच्या शिफारशींवरून, अमेरिकन जे उचलण्यास धजले नव्हते ते पाऊल उचलले. तीव्रता सौम्य, मध्यम की गंभीर हे आधी ठरवावयाचे. विकाराच्या अलीकडे 'व्यक्तिमत्त्वातील अडचण' अशी एक पायरी, जी रोग नव्हे. आणि त्यानंतर हवे तर नकारात्मक भावप्रवणता, अलिप्तता, समाजविन्मुखता, असंयम आणि अतिनियमनिष्ठा या पाचांपैकी प्रबळ गुण जोडावयाचे. बॉर्डरलाइन हे नाव तेवढे, चिकित्सकांच्या आग्रहावरून, एक जोड-निर्देश म्हणून परत घेण्यात आले. हा आग्रह निराधार नव्हता: त्या नावाभोवतीच मार्शा लिनेहान यांची आणि इतरांची उपचारपद्धती तपासली गेली होती, आणि नाव गेले तर पुराव्याचा आधारही सुटेल अशी रास्त भीती होती. दुसरी एक तक्रार अशी की, गुणांची बेरीज म्हणजे माणूस नव्हे. अनुभवी चिकित्सकाच्या मनात रुग्णाचे जे सजीव चित्र उभे राहते ते पाच आकड्यांत मावत नाही. मला या तक्रारीत तथ्य दिसते, परंतु ते चित्र जितक्या वेळा खरे असते तितक्याच वेळा ते चिकित्सकाच्या रागालोभाचेही असते. लुईस आणि ॲपलबी यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, रुग्णाच्या वर्णनात 'व्यक्तिमत्त्व-विकार' एवढे शब्द घातले तरी मनोविकारतज्ज्ञ त्याच्याविषयी अधिक कठोर मत बनवतात. ज्या शब्दाने रुग्ण डॉक्टरांच्या मनातून उतरतो, त्या शब्दाला प्रमाणाचे वेसण घातलेले बरे.

आता लातूरकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर थोड्याच काळात वाचलेल्यांची मानसिक तपासणी करून लिहिलेला एक अहवाल १९९६ मध्ये अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तपासलेल्यांत निम्म्याहून अधिकांना आघातोत्तर ताण, नैराश्य यांसारखे विकार आढळले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्या वेळी नव्यानेच प्रचारात येत असलेल्या दहाव्या आवृत्तीत 'महाभयंकर अनुभवानंतर व्यक्तिमत्त्वात झालेला चिरस्थायी बदल' असे एक स्वतंत्र निदान होते: आघातापूर्वी तसा नसलेला माणूस अविश्वासू, एकलकोंडा, सतत सावध आणि आतून रिता झाला, आणि हे दोन वर्षे टिकले, तर ते लागू होई. ज्या माणसाने एका पहाटे सारे घर गमावले आणि नंतर जुनी गल्ली, जुना वाडा, शेजारपाजार सोडून आखीव रस्त्यांच्या पुनर्वसित गावात आयुष्य काढले, त्याचा बदललेला स्वभाव हा विकार म्हणावा, जखम म्हणावी, की परिस्थितीला दिलेले समंजस उत्तर?

अकराव्या आवृत्तीने ते निदान काढून टाकले आणि त्याचा मोठा भाग 'जटिल आघातोत्तर ताणविकार' या नावाखाली आणला. गुणविशेषांची पद्धत येथे उघडी पडते, कारण केवळ आजच्या गुणांचे मापन केल्यास जन्मजात अलिप्तता आणि किल्लारीने आणलेली अलिप्तता यांचा आकडा एकच येईल. गुण मोजणे पुरेसे नाही, त्यांचा इतिहासही विचारला पाहिजे. आणि तो इतिहास भूकंपग्रस्त टापूत रुग्णापेक्षा त्याच्या नातलगांच्या जबानीतून अधिक स्पष्ट मिळतो. अकराव्या आवृत्तीनेही असे बजावले आहे की, मुख्यतः सामाजिक वा सांस्कृतिक कारणांनी समजावता येणाऱ्या वागण्याला विकार म्हणू नये. कर्ज, नापिकी आणि बाजारभाव यांच्या कचाट्यात चिडका आणि घुमा झालेल्या शेतकऱ्याला हे वाक्य लागू करण्याची जबाबदारी आपल्या चिकित्सकांवर आहे.

ती पार पाडण्याची साधने या मुलखात फार तुटपुंजी आहेत. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात एकही नाही. निजामी अमलात जालन्याला वेड्यांचे इस्पितळ होते, तेही पुढे हैदराबादला गेले. २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भातील चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात 'आशा' कार्यकर्त्या घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणे विचारतात, ही मोलाची गोष्ट आहे, पण स्वभावाचे प्रश्न त्यात येत नाहीत आणि एवढ्या धावत्या भेटीत येऊही नयेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आणि त्यासाठी निवडलेल्या संक्षिप्त मुलाखतीच्या मूळ मसुद्यात व्यक्तिमत्त्व-विकारांपैकी केवळ समाजविरोधी प्रकाराचाच विभाग असतो.

अशा स्थितीत एखादी परदेशी प्रश्नावली मराठीत उतरवून तिच्या मूळ देशातील प्रमाणांवर गुण लावण्याचा मोह होतो. त्याला माझा विरोध आहे. किनवटला गोंडी आणि बंजारा बोली, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरला कन्नड आणि दखनी, नांदेड शहरात त्यांत पंजाबीची भर, अशा टापूत पुण्याच्या पुस्तकी मराठीतील विधान कोणाला किती कळले, हेच आधी तपासावे लागेल. त्याहून खोल अडचण 'स्व'च्या कल्पनेची आहे. स्वतःचे ध्येय स्वतः ठरविणे हे निरोगी व्यक्तिमत्त्वाचे चिन्ह धरले, तर कंधार तालुक्यातील एकत्र कुटुंबातील जी सून लग्न, शिक्षण, पैसा, माहेरी जाणे यांपैकी काहीही एकटीने ठरवीत नाही, किंवा जो सालगडी वर्षभराची मेहनत पाडव्याला दुसऱ्याच्या शब्दावर बांधून देतो, त्यांना परावलंबी म्हणावयाचे काय? बिघाड पाहावयाचा तो त्यांच्या घरातील आणि गावातील इतरांच्या तुलनेत. आणि ती तुलना करावयाची तर स्थानिक प्रमाणे हवीत.

याच ठिकाणी लातूर आणि नांदेड येथे परगावाहून शिकावयास येणाऱ्या हजारो मुलामुलींचाही विचार आवश्यक आहे. परीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे सोळा-सतरा वर्षांची मुले वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यातील भावनिक चढउतार, हट्ट, अंगावर घाव करून घेणे यांना कोणी घाईने बॉर्डरलाइन म्हणेल, तर कोणी वयाचा परिणाम म्हणून दुर्लक्ष करील. नव्या पद्धतीतील 'व्यक्तिमत्त्वातील अडचण' ही पायरी येथे खरोखर उपकारक आहे: मुलाला रोगी न ठरवता त्याची अडचण नोंदवता येते, पालकांशी बोलता येते, आणि विकार ठरविण्यापूर्वी दोन वर्षांची मुदत पाहता येते.

कायद्याचा एक धागा राहिला. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमाच्या तेराव्या कलमात 'सायकोपॅथिक' विकाराचा उल्लेख घटस्फोटाच्या कारणांत आला, आणि अत्यंत आक्रमक किंवा गंभीर स्वरूपाची बेजबाबदार वागणूक असा त्याचा अर्थ सांगितला गेला. १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ रोगाचे नाव सिद्ध होणे पुरे नाही. त्याचे प्रमाण असे असले पाहिजे की, अर्जदाराने जोडीदाराबरोबर राहावे अशी अपेक्षा वाजवीपणे करता येऊ नये. म्हणजे वैद्यकशास्त्र 'आहे की नाही' असे विचारीत होते तेव्हा न्यायालय 'किती' असे विचारीत होते. नांदेड-लातूरच्या न्यायालयांत सासर-माहेरच्या भांडणात मनोविकाराच्या दाखल्यांचा जो वापर होतो, त्यात स्त्रीच्या कपाळी एक शब्द कायमचा चिकटण्याचा धोका असतो. दाखल्यात नावाऐवजी तीव्रता, मुदत आणि पुरावा लिहिण्याची सक्ती झाली तर हा धोका पुष्कळ कमी होईल.

यासाठी लागणारे काम फार मोठे नाही आणि ते येथेच होण्यासारखे आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात; तेथील मानसशास्त्राचे अध्यापक आणि दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये एकत्र आली, तर तीव्रतेची एक छोटी मुलाखत आणि पाच गुणांची एक मापनिका, मराठवाड्याच्या बोलीत, निरक्षराला तोंडी विचारता येईल अशी, तयार करता येईल. तिच्या दोन प्रती असाव्यात: एक रुग्णासाठी, दुसरी त्याच्याबरोबर आलेल्यासाठी. मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात आपल्याकडे रुग्ण एकटा सहसा येत नाही. आई, भाऊ, नवरा, चुलता कोणी तरी असतोच, आणि पाश्चात्त्य संशोधकाला जो साक्षीदार शोधून पत्रे पाठवून मिळवावा लागतो तो येथे बाकावर बसलेला असतो. मात्र हा साक्षीदार पक्षकारही असतो. सासूने सुनेविषयी आणि दारुड्या नवऱ्याने बायकोविषयी दिलेल्या उत्तरांचे वजन किती धरावयाचे, आणि रुग्णाच्या व नातलगाच्या उत्तरांत अंतर पडले तर त्या अंतराचाच काही अर्थ लागतो काय, हे प्रथम काही शे कुटुंबांत तपासून पाहिल्याशिवाय त्या मापनिकेवरून कोणालाही दाखला देऊ नये.